नख लागतंय का?

पुण्यातल्या एखाद्या सुखवस्तू सोसायटीत गाडीचं बॉनेट उघडून उभे राहिलात, तर शेजारी फार तर टोइंगवाल्याचा नंबर देतात. आमच्या भोसरी-चिखली-मोशीच्या पट्ट्यात बॉनेट उघडलं की चार माणसं जमतात आणि पाचवा चहा सांगतो. त्या चौघांतल्या एकाने जन्मभर वॉटर पंप तपासलेले असतात. दुसऱ्याची उमर गिअरच्या हीट ट्रीटमेंटमध्ये गेलेली असते. तिसरा अजून चाकणला सेकंड शिफ्ट करतो, आणि चौथ्याचा दोन लेथचा स्वतःचा शेड असतो. आपापल्या पार्टपुरता प्रत्येकजण सर्वज्ञ. पंपवाल्याला गाडीच्या कुठल्याही दुखण्यात पंपच दिसतो आणि लेथवाल्याला सगळं ‘जरा आउट’ वाटतं. गाडी विकून टाका, असं मात्र यांतलं कुणी म्हणत नाही. ते म्हणायला घरची माणसं असतात.

माझी गाडी इंडिका. व्ही-टू, डिझेल. १९९८च्या डिसेंबरात पहिली इंडिका आली तेव्हा तिचं अप्रूप साऱ्या देशाला होतं; आमच्याकडे ते जरा जास्त होतं, कारण ती इथलीच. ऑस्ट्रेलियात निस्सानचा एक कारखाना बंद पडला होता, त्याची यंत्रसामग्री टाटांनी विकत घेतली, सोडवून जहाजात घातली आणि इथे आणून पुन्हा उभी केली. जुनं खोलून नीट बसवायचं आणि चालवायचं, हे गाडीच्या जन्मातच आहे म्हणायचं. २०१८मध्ये इंडिका बनायची थांबली. तिच्या इंजिनाचं नाव ४७५. हा आकडा कुणी लहर म्हणून दिलेला नाही: सिलिंडर चार आणि प्रत्येकाचा बोर, म्हणजे आतला व्यास, ७५ मिलिमीटर. सुमोचं जुनं इंजिन ४८३, म्हणजे चार सिलिंडर आणि ८३चा बोर. ४०७ टेम्पोच्या ४९७चा हिशेबही तोच. हे मला ज्यांनी सांगितलं ते शेजारचे काका एका मोठ्या कंपनीच्या इन्स्पेक्शनमधून निवृत्त झालेत. नावातच माप असलेली इंजिनं त्यांना मनापासून आवडतात. हल्लीच्या इंजिनांना इंग्रजी विशेषणांची नावं असतात, त्यावर ते म्हणतात, “यातून बोर किती ते कळतं का?”

तर ही गाडी धूर टाकायला लागली आणि ऑइल प्यायला लागली. डिझेलचा थोडा काळा धूर कुणी मनावर घेत नाही. हा निळसर होता. सकाळी स्टार्टर बराच वेळ घुंई-घुंई करायचा. गॅरेजच्या मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवूनच ऑइल भरायच्या तोंडाचं झाकण सोडवलं आणि तिथेच उलटं टेकवलं. झाकण नाचायला लागलं.

“बॅक कॉम्प्रेशन मारतीय साहेब. बोरला आलीय.”

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीस-बावीस पट दाबायची, ती तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. रुडॉल्फ डीझेलने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेली युक्ती ती एवढीच. तेव्हा दाबलेली हवा पिस्टनच्या कडेने निसटायला लागली की उष्णता निसटते, मग सकाळचा स्टार्ट लांबतो, आणि निसटलेला वायू खाली जाऊन झाकणं नाचवतो. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी झाली होती, आता पुढच्या नूतनीकरणाआधी हा धूर आवरणं भाग होतं.

“इंजिनाचं काम हाफ करायचं का फुल?” मिस्त्रींनी विचारलं. हॉटेलात बिर्याणीचं विचारतात तितक्या सहज. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, “आधी मोजू.”

मिस्त्री मूळचे बार्शीकडचे. तीसेक वर्षांपूर्वी एमआयडीसीत नोकरी शोधायला आले, नोकरी न मिळता गॅरेज मिळालं. त्यांनी जमिनीवर एक जुना फ्लेक्स अंथरला. कुणा युवा नेत्याच्या वाढदिवसाचा. अंथरायला फ्लेक्स कमी पडावा अशी वेळ पिंपरी-चिंचवडवर कधी येणार नाही. इंजिन उतरलं, सुटलं, आणि नेत्याच्या कपाळावर चार पिस्टन आले, जोडलेल्या हातांवर कनेक्टिंग रॉड आले, आणि तळाच्या शुभेच्छुकांच्या रांगेवर आठ व्हॉल्व्ह, ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने. हा क्रम चुकवायचा नसतो. इतकी वर्षं एकमेकांवर आपटून व्हॉल्व्ह आणि त्याची सीट एकमेकांच्या अंगवळणी पडलेली असतात. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. शुभेच्छुकांच्या रांगेचंही तसंच असतं. तिथे क्रम चुकला तर पुढच्या वर्षी वर्गणी येत नाही.

क्रँक बाहेर आली. मिस्त्रींनी ती डिझेलने धुतली, फडक्याने पुसली आणि अंगठ्याचं नख एकेका जर्नलवरून आडवं फिरवलं. सगळा कारभार नखाचा. जर्नल म्हणजे क्रँकचा तो गोल चकचकीत भाग, ज्याच्यावर बेअरिंग फिरतं. त्यावर ओरखडा असेल आणि नख अडकलं, तर क्रँक ग्राइंडिंगला. नख सुळकन गेलं, तर नुसतं पॉलिश. तिसऱ्या जर्नलवर मिस्त्रींचं नख थांबलं. त्यांनी माझा हात ओढून माझंही नख तिथून नेलं. ओरखडा डोळ्याला नीट दिसत नव्हता. नखाला मात्र टच्च लागला. केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक चर, आणि माणसाच्या बोटाला तो कळतो. हे पहिल्यांदा अनुभवलं की आपल्याच हाताबद्दल थोडा आदर वाटायला लागतो.

“एक जर्नल गेलंय. बाकी मख्खन,” मिस्त्री म्हणाले.

काकांनी पिशवीतून लाकडी पेटी काढली. आत तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर. तो त्यांनी लगेच क्रँकला लावला नाही. क्रँक उन्हातून उचलून शेडच्या आतल्या बाजूला ठेवायला लावली, मायक्रोमीटर तिच्या शेजारी ठेवला, आणि खुर्ची ओढून बसले.

“आता काय?”

“थंड होऊ द्या.”

कंपनीच्या मेट्रॉलॉजी रूममध्ये तापमान वीस अंश सेल्सिअस ठेवतात. जगभर मोजमापाचा ठराव त्याच तापमानाचा आहे. पाचएक सेंटिमीटर जाडीचं पोलाद वीस अंशांनी जास्त तापलं तर सुमारे दहा मायक्रॉनने फुगतं. बोलून-चालून शतांश मिलिमीटर, पण इथे सगळा खेळ शतांशांचाच आहे. मी म्हटलं, काका, पण मायक्रोमीटरही पोलादाचाच, तोही तितकाच फुगला असेल की. त्यांना हा प्रश्न फार आवडला. “म्हणून तर दोघांना एकाच सावलीत बसवलंय.” मग चहा आला. क्रँक निवेपर्यंत काकांनी १९६६ काढलं. त्या साली टाटांच्या टेल्कोचं पुण्यातलं काम सुरू झालं ते ट्रक बनवण्यापासून नव्हे, तर हत्यारं, साचे आणि यंत्रं बनवणारी यंत्रं इथपासून. ट्रक इथून बाहेर पडायला १९७७ उजाडलं. तोवर टेल्को चालवणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी पोरांना फाइल धरायला आणि माप घ्यायला शिकवलं. “अकरा वर्षं नुसती तयारी,” असं म्हणून काकांनी मिस्त्रींच्या हातातल्या पॉलिश पेपरकडे पाहिलं. मिस्त्रींनी पेपर खाली ठेवला.

मग मोजणी. प्रत्येक जर्नल दोन दिशांनी आणि दोन टोकांना. दोन दिशांनी माप वेगळं आलं तर ओव्हॅलिटी, दोन टोकांना वेगळं आलं तर टेपर. काका आकडे पुटपुटत होते, मी ते नेत्याच्या कुर्त्यावर मार्करने लिहीत होतो. आणि इथे गंमत झाली. मिस्त्रींच्या नखाने नापास केलेलं तिसरं जर्नल मापाला जवळजवळ गोल निघालं. आणि ज्या पहिल्या जर्नलला त्यांनी मख्खन म्हटलं होतं, ते अंडाकृती.

दोघेही बरोबर होते. नखाला ओरखडा कळतो, आकार कळत नाही. पिस्टनचा दट्ट्या क्रँकवर दर वेळी साधारण त्याच कोनात बसतो, तेव्हा जर्नल एका बाजूने जास्त झिजतं. पण झिजतं ते गुळगुळीत झिजतं. त्याच्यावरून नखच काय, जीभ फिरवली तरी समजणार नाही. उलट मायक्रोमीटर चराच्या दोन्ही काठांवर टेकतो आणि खालची दरी न बघताच पास करून टाकतो. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे दोन गेले. तरी मी म्हनत होतो ग्राइंडिंग करावं लागतंय.” असं ते अजिबात म्हणत नव्हते. काका काही बोलले नाहीत, पण मायक्रोमीटर पुसायला त्यांनी गरजेपेक्षा जास्त वेळ लावला.

क्रँक, ब्लॉक आणि हेड घेऊन आम्ही भोसरीला निघालो आणि अर्ध्या वाटेत आठवलं, आज गुरुवार. बाहेरगावच्या माणसाला रविवार कळतो. एमआयडीसीची सुट्टी गुरुवारची. सगळे शटर खाली. रस्त्यावर इतकी शांतता की आपल्याच टेम्पोचा आवाज परका वाटावा. काका म्हणाले, आपल्या पंचांगात वार दोनच, गुरुवार आणि बाकीचे. परत आलो. सुटे पार्ट शोधायला पूर्वी अशा दिवशी कुदळवाडीत चक्कर मारता यायची. तिथल्या भंगाराच्या गोदामांवर २०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेचे बुलडोझर फिरले. अतिक्रमण होतं, आगी लागायच्या, सगळं खरं. तरी मला हवा असलेला हेडकव्हरचा एक बोल्ट तिथे पाच मिनिटांत मिळाला असता हेही खरं. पिस्टन आणि रिंगांना मात्र मरण नाही. या गाडीच्या टॅक्स्याच इतक्या धावल्यात की तिचं सामान दुकानात अजून पुढच्याच फळीवर असतं.

शुक्रवारी बोर मोजला. सिलिंडरची झीजही सरळ नसते. वरच्या टोकाशी सगळ्यात जास्त, खाली कमी. कारण वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, तिथे ऑइल पोचतं कमी, आणि नेमका तिथेच स्फोटाचा दाब पिस्टनवरच्या रिंगांना भिंतीवर रेटतो. रिंग जिथून मागे फिरते त्याच्या वर, जिथे ती कधी पोचलीच नाही, तिथला धातू जसाच्या तसा उरतो आणि त्याची बारीक पायरी बनते. ही पायरी नखाला लागते. इथे मिस्त्रींनी काकांकडे पाहून नख फिरवलं आणि काकांनीही मान डोलावली. दोन दिवसांतला हा पहिला तह.

मशीन शॉपवाला पोरगा पंचविशीचा असेल, कानात इअरफोन. त्याने बोअरिंग मारलं, म्हणजे पाव मिलिमीटर मोठे पिस्टन बसतील एवढा बोर वाढवला. आतली भिंत आरशासारखी दिसायला लागली. मी म्हटलं, वा. तर त्याने होनिंगची काडी आत घातली आणि त्या आरशावर खसाखसा ओरखडे पाडायला सुरुवात केली. हात वर-खाली, काडी गोल, तेलाची धार चालू. दोन मिनिटांत भिंतीवर तिरप्या रेघांची जाळी उमटली, बारीक चौकटीच्या लुंगीसारखी. एवढा गुळगुळीत करून मग खरवडायचा कशाला? इअरफोन न काढताच तो म्हणाला, “ऑइल कुठं थांबणार मग?”

जाळीच्या चरांत ऑइल धरून राहतं, त्याच्यावरून रिंग सरकते. भिंत फार गुळगुळीत असली तर ऑइल टिकत नाही आणि नव्या रिंगा भिंतीशी बसतच नाहीत, घसरत राहतात. जुन्या इंजिनात ही जाळी घासून पुसली जाते, भिंतीला काचेसारखी झिलई येते. बघणाऱ्याला वाटतं केवढी छान चमक आहे. गाडी ऑइल पीत असते ती त्या चमकेमुळेच. काकांनी भर घातली की कंपनीत हे दोन टप्प्यांत करतात: आधी खोल चर पाडायचे, मग त्यांची नुसती टोकं तासून सपाट करायची, म्हणजे वर पठार आणि मध्ये दऱ्या. “सह्याद्रीच,” ते म्हणाले आणि स्वतःच्या उपमेवर खूश झाले.

त्याच शेडमध्ये पलीकडे क्रँक ग्राइंडिंगला लागली होती आणि तिथे नेमकी उलटी तऱ्हा. दोन जर्नल बिघडली म्हणून दोनच करून चालत नाही, सगळी एका मापाला आणायची. व्यासात पाव मिलिमीटर कमी, आणि ती घट भरून काढतील असे जाड बेअरिंगचे शेल घ्यायचे. मग ऑइलच्या भोकांच्या धारदार कडा हाताने मोडायच्या, आणि शेवटी बारीक पट्टीने पॉलिश. इथे एक रेघही माफ नाही. इंजिन फिरत असताना क्रँक शेलला टेकतच नाही, मधल्या शतांश मिलिमीटरच्या ऑइलवर तरंगते. शेल मुद्दाम मऊ धातूचे करतात. ऑइलमधून कचऱ्याचा कण आलाच तर तो शेलमध्ये रुतून बसावा, क्रँकला लागू नये. काही हजारांच्या क्रँकसाठी काहीशे रुपयांचा शेल मार खातो. हे ज्याने ठरवलं त्याला मी कधी भेटलो नाही, पण तो कुठल्यातरी मोठ्या एकत्र कुटुंबातला असावा.

म्हणजे क्रँक आरशासारखी हवी आणि बोर खरवडलेला हवा. व्हॉल्व्हचं तिसरंच. ते काम मिस्त्रींनी मला दिलं, बहुधा मी मध्ये मध्ये प्रश्न विचारू नयेत म्हणून. व्हॉल्व्हच्या तिरप्या कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, आधी जाडी, मग बारीक. रबरी कप लावलेली काठी त्याच्या डोक्यावर चिकटवायची आणि ताक घुसळायच्या रवीसारखी दोन तळहातांत फिरवायची. मधूनच उचलायची, थोडी वळवून पुन्हा टेकवायची, नाहीतर एकाच जागी चर पडतो. सुरुवातीला करकर असा आवाज येतो. मग तो सौम्य होत जातो आणि एका क्षणी नुसता सरसर उरतो. पुसून बघायचं. व्हॉल्व्हच्या कडेला सगळीकडून सारख्या रुंदीची, चमक नसलेली करडी पट्टी दिसली पाहिजे. चमकली तर काम कच्चं. कुठे तुटली तर पुन्हा पेस्ट.

आठही झाल्यावर मिस्त्रींनी व्हॉल्व्ह स्प्रिंगसकट बसवले, हेड उलटं केलं आणि व्हॉल्व्हवरच्या खळग्यांत डिझेल ओतून ठेवलं. आम्ही जेवून आलो. सात खळगे भरलेले होते. आठव्यातलं डिझेल निम्म्यावर आलं होतं. मिस्त्रींनी काही न बोलता पेस्टची डबी माझ्यापुढे सरकवली. “हे तर नखालाबी कळत नाही आन् मायक्रोमीटरलाबी,” ते काकांना म्हणाले. काकांनी पहिल्यांदाच कुठला आकडा सांगितला नाही.

इंजिन बांधलं. प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने, आतून बाहेर अशा ठरल्या क्रमाने. इथे काका आणि मिस्त्री यांचं भांडण झालं नाही, कारण दोघेही आपण दुसऱ्याला शिकवतोय या समजुतीत होते. हीटर प्लगचा दिवा विझला, चावी फिरवली आणि अर्ध्या फेऱ्यात इंजिन लागलं. आवाज? जुन्या डिझेलचाच, टका-टका-टका. तो जाणार नव्हता आणि जावा असं मला वाटतही नव्हतं. झाकण उलटं ठेवलं. जागचं हललं नाही. पंपवाले शेजारी वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, “पंप बदलला का?”

नव्या रिंगा बसेपर्यंत गाडी कशी चालवायची यावर मग सल्ल्यांचा पाऊस. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवायचं नाही, एकाच वेगात लांब न्यायची नाही, फार पळवायची नाही आणि फार जपायचीही नाही. चढावर थोडा भार द्यायचा, उतारावर सोडायची. हे सगळं मोशी ते चाकण रस्त्यावर करायचं होतं. त्या रस्त्यावर गाडी कुठल्या वेगात चालवायची हे आपण ठरवत नाही, पुढचा कंटेनर ठरवतो. तळेगाव चौकात तर वेग हा शब्दच लागू नाही. शेवटी सकाळी पाचला निघायचं ठरलं, फर्स्ट शिफ्टच्या बसगाड्या रस्त्यावर यायच्या आत. काका पुढच्या सीटवर, काच खाली, कान बाहेर. मिस्त्री मागे, पाय सीटवर घेऊन.

पाचशे किलोमीटर झाल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलला. नव्या इंजिनात सुरुवातीला थोडी धातूची भुकटी उतरतेच. मिस्त्री जुना फिल्टर कचऱ्याच्या डब्यात टाकत होते तेवढ्यात काकांनी तो हातातून घेतला आणि वर्तमानपत्रात गुंडाळला.

“घरी काय करता त्याचं?”

“कापून बघतो. आतल्या कागदावर कण किती आलेत, लोखंडाचे आहेत का शेलचे. चुंबक लावला की कळेल.”

“काका,” मिस्त्री म्हणाले, “गाडी चालतीय न्हवं? चालू द्या की तिला आता.”

“चालू दे. मी कुठे अडवतोय?” काका म्हणाले. “बरं, तुझ्याकडे हॅकसॉ आहे का?”